कोणाच्या वाट्याची ज्वारी

मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात मक्याच्या जागी ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदळाची कणी घालावी का, हा प्रश्न पशुआहाराच्या तज्ज्ञांवर सोपवून मोकळं व्हावंसं वाटतं. त्यांचं उत्तरही बरंचसं तयार आहे: घालावी, अमुक प्रमाणात, तमुक काळजी घेऊन. पण या प्रश्नाला आणखी एक अंग आहे आणि ते प्रयोगशाळेत तपासता येत नाही. शेतात पिकलेल्या दाण्यावर आधी हक्क कोणाचा, ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळापासून धर्मविचारात मोडते. माझं म्हणणं असं, की कोणतं धान्य माणसाचं आणि कोणतं कोंबडीचं हे दाण्याकडे बघून कधीच ठरत नाही. ठरतं ते वाटपाच्या क्रमावरून. माणसांचं भागून जे उरलं ते कोंबडीला घातलं, तर त्यात निदान अन्नाच्या बाजूने गैर काही नाही. तिच्यासाठी आधी काढून ठेवलं आणि उरल्यात माणसांनी भागवलं, तर धान्य मका असो की बाजरी, चूक तीच. पर्यायी धान्याचं कौतुक चालू असताना हा क्रम कोणी विचारत नाही, म्हणून तो इथे मांडायचा.

आधी ब्रॉयलर खातो काय ते पाहू. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरतो आणि तेवढ्या काळात सव्वातीन किलोंच्या आगेमागे खाद्य संपवतो. त्यात साठेक टक्के मका, २५-३० टक्के सोयापेंड, बाकी तेल, खनिजं, जीवनसत्त्वं. म्हणजे एका पक्ष्यामागे जवळपास २ किलो मका. तेवढ्या ज्वारीच्या पंचवीस-तीस भाकऱ्या होतात. पक्षी साफ केला की हाडांसकट दीड किलोच्या आत मांस हाती येतं. खाद्यातल्या प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश खाण्याजोग्या मांसात उतरतात आणि उष्मांकांचा ताळेबंद याहून वाईट निघतो. ब्रॉयलरवर अन्यायही करू नये: धान्याचं मांस करण्यात त्याच्याइतका काटकसरी प्राणी गोठ्यात किंवा खुराड्यात दुसरा सापडणार नाही. पण उत्पादनखर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच, त्यामुळे मक्याचा भाव हलला की सगळा धंदा हलतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घातली. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट मात्र तसंच राहिलं, आणि आसवन्या मक्याकडे वळल्या. २०२४ मध्ये, एरवी मका निर्यात करणारा हा देश निर्यातीपेक्षा जास्त मका आयात करू लागला. कोंबडी आणि मोटार एकाच पोत्याशी येऊन भिडल्या. पर्यायी धान्याचा विषय निकडीचा झाला तो या ओढाताणीत. भरडधान्याचा गौरव, २०२३ चं आंतरराष्ट्रीय वर्ष वगैरे गोष्टींचा त्याच्याशी संबंध बेताचाच.

पर्याय म्हणून ही धान्यं वाईट नाहीत. बाजरीत प्रथिनं ११-१२ टक्के, मक्यात ८-९. चरबीही बाजरीत अधिक. तिचा दाणा इतका बारीक की न भरडता घातला तरी चालतो, पक्ष्याचा पेटा तो दळून काढतो आणि त्या कामाने चांगला बळकट होतो. लाल-तपकिरी ज्वारीच्या काही वाणांत टॅनिन असतं. त्याच्या तुरटपणामुळे रानातली पाखरं कणसाला तोंड लावत नाहीत, शेतकऱ्याची राखण वाचते; पण तेच टॅनिन खाद्यात आलं की प्रथिनांना धरून बसतं आणि पक्ष्याची वाढ मागे पडते. आपली पांढरी ज्वारी या दोषापासून बहुतांशी मुक्त आहे. गहू आणि जव यांची अडचण वेगळी. त्यांच्यातले चिकट तंतू तोडणारं विकर कोंबडीच्या पोटात नसतं, म्हणून विष्ठा ओली चिकट होते, शेडमधली तुसाची गादी भिजते आणि त्या ओलीवर उभ्या पक्ष्यांचे तळपाय सोलवटतात. युरोपात गव्हावर कोंबड्या वाढतात त्या बाहेरून विकर घालून. शिवाय मक्यातलं पिवळं रंगद्रव्य ज्वारीत नसल्यामुळे पक्ष्याची कातडी फिकी राहते, आणि कातडीसकट कोंबडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आजारी वाटते. या सगळ्या अडचणींवर उपाय आहेत. शास्त्राच्या बाजूने परवानगी मिळाली असं धरून चालू.

मग अडचण कुठे आहे? ज्वारी हे माणसाचं अन्न आणि मका हे कोंबडीचं, त्यामुळे ज्वारी कोंबडीपुढे टाकणं हा अन्नाचा अपमान, असं उत्तर महाराष्ट्रात पटकन येईल. भावना समजते, पण ती तपासली की टिकत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो वाटला गेला. मिलो म्हणजे ज्वारीच, आणि अमेरिकेत ती तेव्हा मुख्यतः जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जात असे. ज्या दाण्यावर तिकडे गुरं पोसली जात होती त्याच्या भाकऱ्या इथे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांनी खाल्ल्या. त्यांनी नावं ठेवली, आणि खाल्ल्याही. आपण पशुखाद्य खातो आहोत ही सल त्या पिढीच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं उमटत राहिली. उलट मेक्सिकोत मका हे देवाचं अन्न आहे. माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात तर माणूसच मक्याच्या पिठाचा घडवलेला आहे. तेव्हा दाण्याला जन्मजात पायरी नसते. ज्वारी कोंबडीला घातल्याने ती बाटत नाही आणि मका घातल्याने आपण निर्दोष सुटत नाही.

क्रमाचा विचार मात्र परंपरेत ठायी ठायी आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञ होऊन जे उरतं ते खाणारा दोषातून सुटतो आणि केवळ स्वतःपुरतं शिजवणारा पाप खातो, असं सांगितलं आहे. तैत्तिरीय उपनिषदात अन्न वाढवावं, आलेल्याला परत पाठवू नये, हे व्रत म्हणून येतं. पण या विषयाला सर्वांत जवळचा माणूस महाभारताच्या वनपर्वात भेटतो, तो मिथिलेचा धर्मव्याध. मांस विकणारा हा माणूस तपस्वी कौशिकाला धर्म शिकवतो. नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात, भाताच्या दाण्यातही जीव आहे, हिंसेवाचून जगतो कोण, असा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे, आणि मांसाहाराच्या समर्थनासाठी तो वाटेल तसा वापरला जातो. त्याच संवादातलं त्याचं दुसरं सांगणं मात्र सहसा कोणी उद्धृत करत नाही. देव, अतिथी आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसं यांना देऊन जे उरतं त्यावर मी जगतो, असं तो म्हणतो. हिंसा अटळ आहे हे त्याच्या उत्तराचं पहिलं अर्ध. अटळ हिंसेच्या जगात आपला हात सर्वांत शेवटी पुढे करायचा हे दुसरं. पहिलं अर्ध उचलून दुसरं सोडून देणं हा आपल्या सोयीचा धर्म झाला.

अंगणातली गावरान कोंबडी या क्रमात आपोआप बसत होती. खळ्यावर सांडलेलं, उखळाभोवती उडालेलं, शेणातले किडे, ताटातलं खरकटं हे तिचं खाणं. तिच्यासाठी कोणी वावर पेरत नव्हतं. तिचं अंडं म्हणजे, जे एरवी कोणाच्याच तोंडी लागलं नसतं, त्यातून निघालेलं अन्न. ब्रॉयलरच्या बाबतीत क्रम उलटा झाला, आणि तो कसा उलटला याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने माणसाला लागणारी सगळी पोषणद्रव्यं कमीत कमी पैशांत कशी मिळतील याचं गणित मांडलं. उत्तर आलं ते गव्हाचं पीठ, कोबी, पालक, वाळलेल्या शेंगांचे दाणे असल्या मोजक्या जिनसांचं. दोनच वर्षांनी जॉर्ज डँटझिगच्या नव्या रीतीने ते पुन्हा अचूक सोडवलं गेलं. गणित सुटलं, पण त्यातून निघालेलं जेवण रोज जेवायला कोण तयार होणार? तेच गणित मग पशुखाद्याच्या कारखान्यांनी उचललं, कारण पक्षी नाही म्हणत नाही. आज खाद्याचं सूत्र संगणक याच पद्धतीने काढतो: एवढी ऊर्जा, एवढं लायसिन, एवढं कॅल्शियम, आणि त्यात बसणारं सर्वांत स्वस्त धान्य. या मांडणीत मका, ज्वारी, कणी हे फक्त भावाचे आकडे आहेत. त्या दाण्याकडे आणखी कोण आशेने पाहत होतं, याची नोंद घ्यायला सूत्रात जागाच नाही. करार पद्धतीत शेतकऱ्याचा तर प्रश्नच येत नाही. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते, तो शेड आणि कष्ट देतो, आणि लॉट गेल्यावर किलोमागे ठरलेले पैसे घेतो. पोत्यात काय आहे हे ठरवणं त्याच्या हाती नाही.

यावर एक आक्षेप धर्मग्रंथांतूनच येतो. प्राण्याला शेवटी ठेवा असं कुठला धर्म सांगतो? बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात देव आधी गुरांसाठी गवत देतो आणि मग माणसाने पोटभर खाण्याची गोष्ट करतो. त्या क्रमावरून ज्यू आचार्यांनी असा दंडक काढला की जनावरांना घातल्याशिवाय धन्याने जेवू नये. आपल्याकडे पोळ्याला बैलाला आधी पुरणपोळी. शेत राखायला बसलेल्या तुकोबांनी पाखरांना हुसकलंच नाही, ही आख्यायिका तर घरोघरी माहीत आहे. हे सगळं खरं, आणि माझ्या म्हणण्याच्या विरोधातही नाही. या उदाहरणांत प्राणी हा जेवणारा आहे. बैल खातो ते त्याच्या कष्टाचं, पाखरं खातात ती उडून जातात. ब्रॉयलरला घातलेला दाणा मात्र वळसा घालून आपल्याच ताटात येणार असतो. कोंबडी इथे गिरणी आहे, आपला दाणा दळून देणारी, आणि दळणावळ म्हणून दोन तृतीयांश ठेवून घेणारी. शेवटी हात पुढे करायचा तो कोंबडीने नव्हे, कोंबडी खाणाऱ्याने. तिला आधी वाढलं म्हणून आपल्या गाठी भूतदयेचं पुण्य जमा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोंबडीने ज्वारी खाल्ली नाही म्हणून ती भुकेल्याच्या ताटात पडेल, हे कशावरून? अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन दाखवलं, की माणसं मरतात ती धान्य नाही म्हणूनच असं नव्हे. धान्य घेण्याची ऐपत किंवा हक्क उरत नाही म्हणूनही मरतात. आज तर सरकारी गोदामांतला तांदूळ इथेनॉलसाठी विकला जातो. मग कोंबडीपुढच्या मूठभर ज्वारीवरून एवढा खल कशाला? या आक्षेपाने एक भाबडी कल्पना निकालात निघते, आणि निघावीच: पोल्ट्री बंद केली की भूक संपेल, ही. पण ऐपतीचा मुद्दा मान्य केला की तो उलटूनही येतो. ऐपत भावाशी बांधलेली असते. खाद्याच्या कारखान्याची खरेदी हजारो टनांची. तो मोंढ्यात उतरला की भाव ठरवतो तो. घरासाठी पायलीभर ज्वारी घेणारी बाई त्याच्याशी चढाओढ करू शकत नाही. म्हणजे सेन यांच्याच तर्काने पाहिलं तरी प्रश्न एकूण धान्य किती हा राहत नाही, रांगेत पुढे कोण हाच राहतो.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत अडवणारा वाटतो. ज्वारी-बाजरीचं क्षेत्र वर्षानुवर्षं घटत आलं आहे. कमी पाण्यात, हलक्या रानात येणारी ही पिकं, सोबत कडबा देणारी. त्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती संपतील, आणि कोंबडीखाद्य हे तर मोठं गिऱ्हाईक. अन्न वाढवा असं उपनिषद सांगतं, तर पीक जिवंत ठेवणारी मागणी ही धर्माच्या बाजूचीच म्हणायची की नाही? यात तथ्य आहे, पण जरा मागे जाऊन पाहावं. विदर्भ-मराठवाड्यातली खरिपाची ज्वारी कशाने हटवली? मोठ्या प्रमाणात सोयाबीनने. सोयाबीनमध्ये तेल निघतं वजनाच्या अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकीची बहुतेक पेंड, आणि पेंडीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पोल्ट्री. म्हणजे ज्वारीच्या वावरात कोंबडी शिरून बरीच वर्षं झाली, फक्त ती सोयाबीनच्या रूपाने आली. हक्काचा झगडा दाण्यापेक्षा जमिनीवरचा आहे, हे इथे उघड दिसतं. आता तीच कोंबडी उरलेल्या ज्वारीची तारणहार म्हणून पुढे येते आहे. तारू दे, पण कुठली ज्वारी, हे विचारून. रब्बीची मालदांडी सोलापूर-नगरकडे माणसांसाठीच पिकते, भावही तसाच खाते, ती खाद्याच्या सूत्रात बसणार नाही. खरिपाची संकरित ज्वारी मात्र कापणीच्या वेळी परतीच्या पावसात सापडली की दाण्यावर बुरशी चढते, तो काळा पडतो. त्या ज्वारीची भाकरी कोणी करत नाही. ती मातीमोल भावाने व्यापाऱ्याकडे जाते आणि पुढे आसवनीत किंवा खाद्यात. शेतकऱ्याला तिचे बरे पैसे मिळाले तर त्यात कोणाच्या ताटातलं काही ओढलं जात नाही. बाजरीची मागणी वाढवून चांगल्या रानात कोंबडीसाठी बाजरी पेरायची, ही गोष्ट निराळी. तिला भरडधान्याचं पुनरुज्जीवन म्हणणं मला जड जाईल.

शुद्ध शाकाहारी वाचक एव्हाना अस्वस्थ झाला असेल. पक्षी मारायचाच आहे तर त्याला काय घातलं याची चर्चा म्हणजे दरोड्यानंतर पावती मागण्यासारखं, असं तो म्हणेल. त्याचा मूळ आक्षेप मी खोडत नाही. या लेखाने तो सुटतही नाही. मात्र खाद्याचा प्रश्न त्याच्या दाराशी थांबत नाही. दुधाच्या गाईलाही मक्याचा भरडा, सरकी पेंड, सोयापेंड जाते, मक्याच्या मुरघासासाठी अख्खी वावरं जातात. श्रावणात कोंबडीची विक्री मंदावते, चहाचं आणि पेढ्याचं दूध तेवढंच लागतं. मारणं आणि माणसाच्या आधी दाणा उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून सुटलेला दुसरीतून सुटलेला असतोच असं नाही.

शेष घालण्याच्या या तत्त्वाला एक कुंपण मात्र हवं, नाहीतर ते पक्ष्याच्याच जिवावर उठेल. उरलेलं म्हणजे नासलेलं नव्हे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. कारण निघालं खाद्यातली ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड आणि तिच्यावरच्या बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला झाली ती त्या मरतुकीतून. काळी पडलेली ज्वारी याच वाटेने घात करू शकते. इस्लामी धर्मशास्त्रात घाण खाणाऱ्या जनावराचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे: ‘जल्लाला’ जनावर तसंच कापून खाऊ नये, आधी काही दिवस बांधून स्वच्छ चारा घालावा, कोंबडीसाठी तीन दिवसांची मुदत सांगितली जाते. नियम खाणाऱ्याच्या शुद्धीसाठी असला, तरी त्यात एक गोष्ट गृहीत आहे: प्राण्याच्या पोटात काय गेलं याची जबाबदारी त्याला खाणाऱ्यावर येते. तळपाय सोलवटलेला पक्षी किंवा विषाने यकृत सुजलेला पक्षी हा स्वस्त खाद्याचा आडखर्च म्हणून सोडून देता येत नाही.

आता व्यवहारातली हरकत: कोंबडी हे गरिबाला परवडणारं मांस आहे, खाद्याला बंधनं घातली तर ती महागेल. थोडी महागेल, शक्य आहे. पण बंधन ही खाद्याच्या सूत्राला परकी गोष्ट नाही. टॅनिनसाठी ज्वारीवर कमाल मर्यादा, तंतूंसाठी जवावर कमाल मर्यादा, बुरशीच्या विषासाठी अब्जांशात मोजलेली मर्यादा ही बंधनं संगणकात आजही भरलेली असतात आणि धंदा चालतो. पक्ष्याच्या पोटासाठी जे चालतं ते शेजाऱ्याच्या पोटासाठी चालवायला गणिताची आडकाठी नाही. काळी ज्वारी, गिरणीतली कणी, आसवनीतून निघालेला सुका चोथा यांना सूत्रात आधी जागा, आणि खाण्यालायक धान्याला त्यांच्यानंतर, असा क्रम सरकार खरेदीच्या अटींतून लावू शकतं. आज हमीभावाच्या केंद्रावर काळी ज्वारी दर्जात बसत नाही म्हणून परत जाते आणि शेतकरी तीच गाडी बाहेर मिळेल त्या भावाला रिकामी करतो. त्याच केंद्रावर बुरशीच्या विषाची चाचणी करून, पास झालेला माल खाद्याच्या दर्जाचा म्हणून वेगळा मोजून घेतला, तर खाद्य कारखान्याला खात्रीचा माल मिळेल आणि शेतकऱ्याला पडेल भाव घ्यावा लागणार नाही. चाचणीचा खर्च कोणी उचलायचा, एवढं भांडण मग शिल्लक राहील, आणि तो कोंबडी विकणाऱ्याने उचलावा असं माझं मत आहे.